मेंबरावर वांधा

खोली भाड्याने घ्यायला गेलो तेव्हा नानांनी मला पगार विचारला नाही, गाव विचारलं नाही, बिऱ्हाड कधी आणणार तेही विचारलं नाही. ओसरीवर वर्तमानपत्र पसरून ते त्याच्यासमोर मांडी घालून बसले होते. मी शाळेत इंग्रजी शिकवतो एवढं कळल्यावर त्यांनी चष्मा कपाळावर सारला.

"मास्तर, हे विथड्रॉ विथड्रॉ म्हणतात ते काय असतं?"

"मागे घेणं."

"काय मागे घेणं?"

"काहीही. बँकेतले पैसे, लढाईतलं सैन्य."

"आणि बोललेलं?"

मी जरा विचार केला. "बोललेलंही घेता येतं."

"तोंडातून गेलेलं परत तोंडात?" नाना माझ्याकडे असे बघायला लागले, की जणू ही पद्धत मीच पाडली. मग म्हणाले, "राहा तुम्ही. पण रोज दिवेलागणीला माझ्याजवळ बसायचं." भाडं किती हे मला महिना संपल्यावर कळलं.

धुळ्याच्या कापूसबाजारात नानांची दलाली होती. अंगात लांब कोट, खांद्यावर उपरणं, डोक्यावर काळी टोपी, आणि कानाच्या पाळीत कापसाचा बारीक बोळा. अत्तराचा नव्हे, नुसत्या कापसाचा. का, म्हणून विचारलं तर म्हणत, "सवय." त्यांच्या धंद्यातलं मला काडीचं कळत नव्हतं. एका रविवारी ते मला बाजारात घेऊन गेले तेव्हा पाहिलं. शेतकरी गाडीपाशी उभा, सरकी काढायच्या जिनचा व्यापारी समोर, आणि मध्ये नाना. भाव कोणी तोंडाने बोलत नाही. हातात हात घ्यायचा, वरून उपरणं टाकायचं, आणि त्याखाली बोटं दाबून भाव ठरवायचा. तोंडाने मात्र दोघे काय वाटेल ते ओरडत असतात. "परवडत नाही", "गाडी परत नेतो", "लुटायला बसलात का". मला वाटलं आता हाणामारी होणार. मी नानांचा कोट धरून मागे ओढायला लागलो, तर ते म्हणाले, "सोडा मास्तर, सौदा कधीच झाला."

सगळा जन्म असा गेल्यामुळे माणसाच्या तोंडावर त्यांचा विश्वास म्हणून नव्हताच. आमच्या गल्लीतले एक गृहस्थ कीर्तन ऐकून आले आणि बुवांच्या वाणीची तारीफ करायला लागले. नानांनी शांतपणे विचारलं, "वाणी राहू द्या. बुवांचा हात काय करत होता?" गृहस्थ तोंड फिरवून गेले ते सहा महिने बोलले नाहीत. नानांना त्यात चावटपणा काही म्हणायचा नव्हता. त्यांना खरोखरच हात काय करत होता ते जाणून घ्यायचं होतं. कोणी कोणाची स्तुती केली की त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं: "वरचा मूठभर सगळ्यांचाच पांढरा." गाडी बाजारात आणताना शेतकरी चांगला कापूस वर ठेवतो, त्यावरून हे. माझं लग्न ठरल्याचं सांगितलं तेव्हाही ते हेच म्हणाले, आणि मी चार दिवस उगाच काळजीत होतो.

आता मेंबरांचं सांगतो. प्रांतात नवी असेंब्ली आली त्या निवडणुकीत आमच्या भागातून एक वकील उभे होते. मी धुळ्यात यायच्या आधीची ही गोष्ट, नानांकडून ऐकलेली. शिरपूरच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याशी एक गाव होतं. तिथला कापूस वर्षानुवर्षं नानांच्या हातून विकला जाई. वकिलांना त्या गावची मतं पाहिजे होती, आणि गाव वकिलांना ओळखत नव्हतं. म्हणून नानांना मध्ये घातलं. गावाचं दुखणं एकच, रानातल्या चराईची फी. ढोर रानात सोडायचं तर फी भरायची, नाही भरली तर जंगलखात्याचा शिपाई ढोर कोंडवाड्यात नेऊन घाली. वकिलांनी पारावर उभं राहून सांगितलं, "ही फी उठावी म्हणून मी असेंब्लीत बोलेन, आणि मतही तसंच देईन." लोक नुसते बसून राहिले. तेव्हा नाना उठले, वकिलांचा हात हातात घेतला, वरून उपरणं टाकलं आणि बोटं दाबली. वकिलांनीही दाबली. त्यांना वाटलं, ही इकडची काही चालरीत असेल, कुंकू लावण्यासारखी. हसले, सगळ्यांना नमस्कार केला आणि मोटारीत बसून गेले. नानांच्या लेखी सौदा झाला होता. गावानं मतं दिली, वकील मेंबर झाले.

बाजाराचा एक नियम नानांनी मला पहिल्याच आठवड्यात शिकवला होता. गाडी ओतल्यावर खालचा माल नमुन्यापेक्षा वेगळा निघाला, ओला निघाला, कवडी म्हणजे पिवळा पडलेला निघाला, तर घेणारा वांधा काढतो. वांधा निघाला की दलालानं हातातला घास टाकून यायचं. माल त्यानं दाखवलेला असतो, म्हणून जबाब त्याचा. नानांचं म्हणणं असं की मेंबरांची गाडी आता असेंब्लीत ओतली जात आहे, आणि ती ओतताना आपली नजर तिथे पाहिजे. ऐकायला हे अगदी सरळ वाटतं. मलाही वाटलं होतं.

त्यांची नजर ठेवण्याची तऱ्हाही बाजारातलीच. मेंबर काय बोलले हे छापून आलं की नाना मला ते वाचायला लावत, मग कात्रण कापून कापसाच्या एका चिमटीबरोबर निळ्या कागदाच्या पुडीत बांधत. नमुन्याच्या पुड्या तशाच असतात. भाषण पसंत पडलं तर लांब धाग्याचा पांढरा कापूस, नाही पडलं तर कवडी. खुंटीवर पुड्यांची माळ लोंबत असे. त्यांच्या बायकोनं, माईंनी, एका दिवाळीला वातींसाठी नेमका चांगला कापूस निवडून काढला. मेंबरांची दोन-तीन उत्तम भाषणं पणत्यांत जळून गेली. मला वाटलं आता घरात महाभारत होणार. नाना पणत्यांकडे बघत राहिले आणि म्हणाले, "भाषणाचा उजेड पडला म्हणायचा."

माईंची तक्रार वेगळीच होती. त्या मला म्हणत, "मास्तर, घरात भाजी काय करू विचारलं तर यांच्या तोंडून शब्द निघत नाही. आणि तिकडे मुंबईत कोण काय बोललं याची यांना पंचाईत."

एकदा बातमी आली की जंगलखात्याच्या खर्चातून एक रुपया कमी करावा, अशी सूचना मेंबरांनी मांडली. मी समजावून सांगितलं की रुपया नावाचा, खात्याचा कारभार पसंत नाही हे सांगायची ती एक रीत आहे. नाना खूष झाले. बाजारातही खराब मालाला थोडा कडता, म्हणजे वजनातली सूट, कापतात, त्यात किंमत नसते, बोलणं असतं. त्यांनी पुडीत सगळ्यात पांढरा कापूस घातला. दुसऱ्या दिवशीच्या अंकात आलं की मंत्र्यांचं उत्तर ऐकून मेंबरांनी सूचना मागे घेतली.

"सबंध खात्यातून एक रुपया कापला," नाना सावकाश म्हणाले, "आणि तोही परत दिला?"

"परत दिला असं नाही. म्हणजे, दिला."

"मग खात्याला झापलं का माफ केलं?"

"दोन्ही," मी म्हणालो.

नानांनी पुडी सोडली, कापूस काढला, पुन्हा घातला, पुन्हा काढला, आणि शेवटी नुसतं कात्रण कोटाच्या खिशात ठेवून दिलं. मीही अस्वस्थ झालो. उद्या वर्गात एखाद्या पोरानं चुकीचं उत्तर दिलं, मी छडी उचलली आणि तो म्हणाला, "सर, मी उत्तर मागे घेतो," तर मी काय करायचं? मला आजतागायत सुचलेलं नाही.

शेवटी चराईचा ठराव आला. अधिवेशन पुण्याला होतं. ठरावाचा दिवस मेंबरांच्याच कारकुनाकडून कळला आणि नानांनी माझी रजा परस्पर हेडमास्तरांकडून मागून घेतली. चाळीसगावला गाडी बदलली, कल्याणला बदलली. पुण्याला उतरल्यावर नाना म्हणाले, "मास्तर, तुम्ही ऐका. मी बघतो."

गॅलरीत आम्हाला पुढची जागा मिळाली. नानांची काठी दारावरच ठेवून घेतली होती, त्यामुळे हाताचं काय करावं ते त्यांना कळेना. खाली मेंबर उभे राहिले. ते इंग्रजीतून बोलले आणि काय बोलले म्हणून सांगू! रान म्हणजे काय, पायथ्याच्या माणसाला रान म्हणजे कोण, कोंडवाड्याच्या दारात बसून राहिलेली म्हातारी, तिची बकरी. मी नानांच्या कानात भाषांतर करत होतो आणि मध्येच ते विसरून नुसता ऐकायला लागलो. नानांचं लक्ष मात्र मेंबरांच्या हातांकडे होतं.

मग मंत्री बोलले. त्यांना फार सहानुभूती होती. खात्याच्या उत्पन्नाचा प्रश्न होता, चौकशी करू, जरूर करू. मेंबर पुन्हा उठले आणि म्हणाले, एवढं आश्वासन मिळाल्यावर ठराव मागे घेण्याची परवानगी असावी. मी कपाळाला हात लावला. पण समोरच्या बाकावरून कोणी तरी ओरडलं, "नो!" सभागृहात एकानं जरी हरकत घेतली तरी ठराव मागे घेता येत नाही. तो मताला टाकावा लागतो. मी घाईघाईनं नानांना सांगितलं, "आता विचारणार. ठराव पाहिजे असणाऱ्यांनी 'आय' म्हणायचं, नको असणाऱ्यांनी 'नो'." नाना कठड्यावरून इतके वाकले की शिपायानं त्यांचा कोट धरला.

अध्यक्षांनी विचारलं. थोडेसे "आय" झाले. पुन्हा विचारलं. मोठा "नो" झाला. ठराव पडला. बघता बघता पुढचं काम सुरू झालं. आणि नेमक्या मताच्या वेळी, घाम आला म्हणून म्हणा, मेंबरांनी खिशातून मोठा रुमाल काढून तोंडावर धरला होता.

बाहेर आल्यावर नाना फुटपाथवर उभे राहिले. "रुमालाखाली काय बोलले?"

"काही नाही. घाम पुसत होते."

"ओठ हलत होते."

"पुसताना हलणारच की."

"रुमाल 'आय'च्या वेळी होता का 'नो'च्या वेळी?"

मी छातीठोकपणे म्हणालो, "आयच्या वेळी." नाना म्हणाले, "नोच्या." आम्ही रस्त्यात भांडलो. एका टांगेवाल्यानं आमची समजूत घालायचा प्रयत्न केला. गंमत अशी की परतीच्या गाडीत मला हळूहळू खात्री वाटायला लागली की रुमाल नोच्या वेळीच होता, आणि त्याच वेळी नाना म्हणाले, "तुमचं बरोबर होतं मास्तर. आयच्या वेळी होता."

पण त्याआधी, त्याच दिवशी संध्याकाळी आम्ही मेंबरांच्या बिऱ्हाडी गेलो होतो. मला वाटलं होतं, आम्हाला दारातूनच वाटेला लावतील. उलट ते पायऱ्या उतरून खाली आले. "नाना, इतक्या लांबून! पावसापाण्याचं!" आम्हाला चहा दिला, बिस्किटं दिली. गावातल्या माणसांची नावं घेऊन चौकशी केली, कोणाचा बैल मेला होता तेसुद्धा त्यांच्या लक्षात होतं. खोटा माणूस असा नसतो, असं मला वाटलं. अजूनही वाटतं.

नानांनी कपाला हात लावला नाही. "साहेब, तुम्ही हो म्हणालात का नाही म्हणालात?"

मेंबरांनी फार समजूतदारपणे सांगितलं. ठराव पडला तर दार बंद होतं. मागे घेतला तर मंत्र्यांच्या मागे लागायला वाट राहते. म्हणून मागे घेणं हेच गावाच्या हिताचं होतं, विरोधकांनी खोडा घातला. मला अगदी पटलं. मी मान डोलावली.

"ते बरोबर," नाना म्हणाले. "पण मग विचारलं तेव्हा?"

"नाना, माझं मन काय आहे ते तुम्हाला ठाऊक आहे."

"मन राहू द्या साहेब. तोंड उघडलं होतं का?"

मेंबर हसले. "आवाजी मतदानात कोण काय म्हणालं याची नोंद नसते, नाना. सभागृहाचं जे मत, तेच सगळ्यांचं." मग त्यांना कुठे तरी जायचं होतं. जाताना त्यांनी नानांच्या खांद्यावर हात ठेवला. त्या हातात आपुलकी होती, हे मी शपथेवर सांगेन. म्हणजे माझा आणखीच घोळ झाला.

पुढे छापील वृत्तांत आला, तोही मी वाचनालयात जाऊन पाहिला. मेंबरांचं भाषण शब्द न् शब्द होतं. शेवटी एवढंच होतं की ठराव नामंजूर झाला. आणि आणखी पुढे, लढाई सुरू होऊन मंत्रिमंडळं गेली, माझी जळगावला बदली झाली, तेव्हा मेहरूणच्या तलावावर एकदा मेंबर फिरायला आलेले दिसले. केस पिकले होते, हातात काठी. मी ओळख दिली आणि धीर करून त्या दिवसाचं विचारलं. ते थांबले, मनापासून आठवायला लागले, पाण्याकडे बघत राहिले. "रुमाल?" ते म्हणाले. "मास्तर, मी काय म्हणालो असेन हो?" त्यांनाच ठाऊक नव्हतं. म्हणजे ज्या प्रश्नापायी नानांना अन्न गोड लागलं नाही, त्याचं उत्तर या जगात कुठेच नव्हतं.

मला खरं सांगायचं आहे ते मात्र पुण्याहून परत आलो त्या हंगामातलं. कापसाच्या गाड्या बाजारात लागल्या, पण नाना पायथ्याच्या गावाकडे फिरकले नाहीत. तिथला कापूस सगळ्यात लांब धाग्याचा. दुसऱ्या दलालांनी तिकडे फेऱ्या सुरू केल्याचं कानावर आलं. मी म्हणालो, "नाना, जा. गाव हातचं जाईल."

"कोणत्या तोंडानं जाऊ? मेंबर शब्दाला जागला का फिरला, एवढं तरी मला सांगता आलं पाहिजे. तेही येत नाही. मास्तर, त्या गावात माझा शब्द चालतो म्हणून मी दलाल. शब्द गेला तर मी नुसता उपरणं घेतलेला माणूस."

ते वाळायला लागले. बाजारात उभे राहत, पण उपरण्याखाली बोटं चुकायला लागली. एका व्यापाऱ्याला त्यांनी भलताच भाव दाबला आणि सारा बाजार हसला. त्या दिवशी घरी येऊन माईंना म्हणाले, "उद्या भाकरी बांध. गावी जाऊन येतो. जे व्हायचं ते होऊ दे." मला बरोबर घेतलं, कारण पुण्याला मीही होतो. साक्षीदार म्हणून माझा काही उपयोग नव्हता, हे मी त्यांना सांगितलं. ते म्हणाले, "तेच सांगायला चला."

शिरपूरपर्यंत मोटार, पुढे बैलगाडी. गावात पोहोचलो तेव्हा ऊन चांगलं चढलं होतं. नाना आले म्हटल्यावर माणसं शेतातून, खळ्यातून पारावर गोळा झाली. नानांनी टोपी काढली. इतक्या दिवसांत त्यांचं उघडं डोकं मी पहिल्यांदा पाहिलं. अगदी लहान दिसत होतं. ते गावाच्या बोलीत बोलले.

"भाऊसहोन, मेंबर मी तुमले दखाडा व्हता. जबाब मना शे. मी पुनाले गयतू, मन्हा डोयानी दखं. पण त्यानी तोंडवर रुमाल धरा व्हता. तो माल कसा निंघना, ते माले समजनं नही."

दलालानं आपल्याला माल कळला नाही असं चारचौघांत म्हणायचं, म्हणजे काय ते मला तोवर थोडं कळायला लागलं होतं. मी खाली बघत उभा राहिलो. वाटलं, आता शिव्यांचा पाऊस पडणार.

एक म्हातारा म्हणाला, "जाऊ द्या नाना. चालस."

"काय चालस?"

"आसंच ऱ्हास ते. तुम्ही बठा. चहा पी ल्या."

दुसरा म्हणाला, "आम्ही कोठे ध्यानमा धरं व्हतं?" आणि सगळे हसले. त्यात कुचेष्टा नव्हती. कोणी बाज आणली, कोणी शेंगा आणल्या, कोणी वांग्याचं भरीत करायला घरी सांगावा धाडला. या वर्षी कापूस न्यायला उशीर का, म्हणून उलट त्यांनीच विचारलं. मी शेंगा फोडायला लागलो. गावाचा राग नाही, कापूस हातचा गेला नाही, सगळं ठीक झालं होतं.

नानांकडे बघितलं तर त्यांचा चेहरा पांढराफटक.

"नाना, झालं की! कोणी वांधा काढला नाही."

"तेच तर," ते माझ्याजवळ वाकून म्हणाले. "माल खराब निघाला म्हणून कोणी भांडत नाही मास्तर. म्हणजे चांगला निघेल असं कोणाला वाटलंच नव्हतं. मेंबरावर सोडा, माझ्यावरही कोणी भरवसा ठेवला नव्हता. मी उगाच जीव काढला."

आणि ते उठले. "भांडा ना!" एकदम ओरडले. "आरे, भांडा मनासंगे! मी बोट दाबं व्हतं तुमनासाठे!"

माणसं गोंधळून एकमेकांकडे बघायला लागली. नानांना उन्हाचा त्रास झाला असावा, असं कोणी तरी म्हणालं. एकानं पाण्याचा तांब्या पुढे केला. नानांनी तो बाजूला सारला. डोळ्यांतलं पाणी पुसायचंही त्यांना सुचत नव्हतं. मला कळेना की यांना घेऊन परत फिरावं की काय करावं.

पाराच्या कडेला एक अक्का बसली होती, विधवा बाई. जमीन तिच्या नावावर, म्हणून मत तिलाही होतं. आता ती गुडघ्यावर हात रोवून उठली आणि नानांच्या समोर येऊन उभी राहिली.

"तुले भांडानंच शे ना? मंग आइक. त्या मेंबरले तू मना दारसे लई उना व्हता. तू म्हणना, अक्का, रान मोकळं व्हई. कोठे शे मोकळं? परोनदिन शिपाईनी मन्या बकऱ्या कोंडवाडामा घाल्यात. आते त्या कोण सोडाई? तू का तुना मेंबर?"

"बरोबर शे, अक्का," नाना म्हणाले.

"बरोबर काय? सांग ना! मेंबरले आम्ही कोठे वयखतंस? आम्ही मत तुले दिधं!"

"बरोबर शे."

"मंग जाय, त्याले इचार! रुमाल काढ म्हणा तोंडवरथीन!"

तिच्या मागून तो म्हातारा बोलला. त्याचा कोंडवाड्यात नेलेला बैल. मग तिसरा. मग सगळेच एकदम. लाकडाची मोळी, शिपायाला द्यावी लागणारी कोंबडी, गवताचा भारा. चहा देणारी, बाज आणणारी तीच माणसं आता नानांच्या अंगावर धावून जात होती, हातवारे करत होती. "बठ्ठा खोटारडा शेतस", सगळेच खोटारडे, असं कोणी तरी म्हणालं. अक्काला खरंच राग आला होता, की नानांचं रडं पाहवेना म्हणून तिनं सुरुवात करून दिली, हे मला तेव्हा कळलं नाही आणि आज विचार केला तरी कळत नाही. एवढं मात्र दिसलं की एकदा सुरू झाल्यावर तो राग खोटा राहिला नव्हता. नाना मध्यभागी जमिनीवर बसले होते, मान खाली घालून एकेकाचं ऐकत होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू रक्त परत येत होतं.

आम्ही निघालो तेव्हाही दोघे-तिघे शिवेपर्यंत गाडीच्या मागे बोलत आले. ते वळल्यावर मी विचारलं, "नाना, एवढं ऐकून घेतलंत. वाईट नाही वाटलं?"

नानांनी टोपी डोक्यावर नीट बसवली. "मास्तर, मत दिलं त्या दिवशीसुद्धा या लोकांनी काही मागितलं नव्हतं," ते म्हणाले. "आज मागितलं. आता मेंबराच्या दारात जायला मला तोंड आहे."